बेपत्ता माणसाच्या शोधासाठी डिटेक्टिव्ह नेमताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं माणूस बेपत्ता झालं की चहूबाजूंनी सल्ले येतात, आणि त्यात एक हमखास असतो : ‘एखादा चांगला डिटेक्टिव्ह गाठा.’ कधी हा सल्ला अगदी योग्य असतो, कधी तो फार लवकर दिलेला असतो, आणि कधी त्यापायी नुसते पैसे जातात. कोणत्या वेळी काय करायचं हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हे पान लिहिलं आहे. माणूस जाऊन काही तासच झाले असतील तर पहिलं उत्तर वाचा आणि कामाला लागा. बाकीचं नंतर वाचता येईल.

काही तासांपूर्वीच माणूस बेपत्ता झालं आहे. लगेच डिटेक्टिव्ह नेमू का?

आधी पोलीस. ‘चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत’ ही समजूत जगभर पसरली आहे आणि तिच्यापायी सगळ्यात मोलाचे तास वाया जातात. ब्रिटनमध्ये असा कोणताही नियम नाही. अमेरिकेत अल्पवयीन मुलांची तक्रार घ्यायला थांबायला लावणंच १९९० च्या केंद्रीय कायद्याने बंद केलं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवूनच तपास सुरू करायचा. तेव्हा ‘उद्या या’ असं उत्तर मिळालं तर तिथल्या तिथे वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटा, आणि तक्रारीची लेखी पोच व क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. पुढे डिटेक्टिव्ह नेमलात तर तोही पहिल्यांदा हाच क्रमांक मागेल.

फोन शेवटचा कोणत्या टॉवरवर होता, कार्ड कुठे वापरलं गेलं, सीमेवरून कोण बाहेर गेलं, ही माहिती तातडीने मागण्याचा अधिकार पोलिसांचा. कितीही पैसे मोजलेत तरी खासगी माणसाला तो मिळत नाही.

पोलीस कामाला लागेपर्यंत घरच्यांनी काय करायचं, हे कोण हरवलं आहे त्यावर ठरतं. लहान मूल असेल तर आधी घर पुन्हा एकदा पूर्ण बघा : कपाटं, पलंगाखाली, गाडीची डिकी, गच्ची, पाण्याची टाकी. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी अनेकांना पाण्याची ओढ असते, आणि अशी मुलं घराबाहेर भटकली की बुडण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो. म्हणून जवळचं तळं, विहीर, नाला, पोहण्याचा तलाव आधी गाठा. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती बहुतेक वेळा शेवटची दिसली तिथून फार लांब जात नाही. अडथळा येईपर्यंत ती सरळ चालत राहते आणि झुडपात, खड्ड्यात, कुंपणाशी अडकते. तिला हाका मारून सहसा उपयोग होत नाही, कारण ती बहुतेक वेळा ओ देत नाही. म्हणून हाका मारत गाडीतून फिरण्यापेक्षा चार माणसांनी पायी, झुडूप न् झुडूप बघत जाणं जास्त कामाचं. या तासांत डिटेक्टिव्हपेक्षा शेजारी उपयोगी पडतात.

तक्रार दिली आहे, पण काही हालत नाही. डिटेक्टिव्ह वेगळं काय करणार?

तो तुमच्या एका प्रकरणाला वेळ देतो. पोलिसांच्या टेबलावर एकाच वेळी अनेक प्रकरणं असतात, आणि स्वतःहून निघून गेलेल्या प्रौढ माणसाची फाइल त्यात सहसा खाली जाते.

प्रत्यक्षातलं काम सिनेमातल्यासारखं नसतं. चांगला डिटेक्टिव्ह आधी शेवटच्या काही दिवसांचा तासागणिक तक्ता मांडतो आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहितो : हे कोणी पाहिलं, कोणी नुसतं ऐकलं. ‘शेवटचं खात्रीने कुठे दिसला’ हे ठिकाण पक्कं होईपर्यंत तो पुढे जात नाही. घरचे बहुतेक वेळा जे ठिकाण सांगतात ते ऐकीव निघतं आणि शोध भलत्याच दिशेने चाललेला असतो. मग तो माणसांशी बोलतो, एकेकाशी आणि स्वतंत्रपणे. घरच्यांसमोर न बोललेलं मित्र, सहकारी, रूममेट, जिमचा ट्रेनर त्याच्याशी बोलतात. जुने पत्ते, जुन्या नोकऱ्या, सार्वजनिक नोंदी, न्यायालयांचे निकाल, मतदार याद्या, व्यवसायाच्या नोंदण्या, जिथे जे कायद्याने बघता येतं ते तो बघतो. निवारागृहं, रुग्णालयं, स्वस्त लॉज आणि बसस्थानकं फोटो घेऊन पायाखाली घालतो.

सीसीटीव्हीचं काम मात्र घाईचं आहे. बहुतेक ठिकाणी फुटेज काही दिवसांतच पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. डिटेक्टिव्ह ठरायची वाट न बघता वाटेतल्या दुकानांना, सोसायट्यांना, पेट्रोल पंपांना आजच विनंती करा की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. तुम्हाला ते दाखवलं नाही तरी चालेल. पोलीस मागतील तेव्हा ते असलं पाहिजे.

आणि काय करू शकत नाही?

अटक करू शकत नाही, कोणाच्या घरात घुसू शकत नाही, कोणाला जबरदस्तीने परत आणू शकत नाही. कॉल रेकॉर्ड, बँकेचे व्यवहार, वैद्यकीय माहिती, ईमेलचा पासवर्ड यांपैकी काहीही परवानगीशिवाय मिळवू शकत नाही. खोटी ओळख सांगून बँकेतून माहिती काढणं अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने गुन्हा ठरलं, आणि फोन कंपनीकडून तसंच करणं २००६ च्या कायद्याने. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याहून कडक आहे. इतरत्र कायदे वेगवेगळे आहेत, पण रोख हाच.

‘दोन दिवसांत सीडीआर (कॉल रेकॉर्ड) काढून देतो’ असं कोणी म्हणाला तर तो तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करून घेतो आहे. पैसे तुम्ही दिलेत, माहिती तुमच्यासाठी काढली गेली, तर चौकशीला तुम्हालाही बसावं लागेल. शिवाय पुढे अपहरण किंवा घातपात निघाला तर चोरून मिळवलेला असा पुरावाच खटल्यात आरोपीच्या वकिलाचं हत्यार होतो.

मी त्रासलेला आहे, पैसे देणारही मीच; तरी डिटेक्टिव्ह माझीच चौकशी का करतो?

कारण तसं न केल्याने माणसं मेली आहेत. हा प्रश्न अनेकांना अपमानाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९८९ मध्ये अमेरिकन अभिनेत्री रिबेका शेफर हिच्या मागे लागलेल्या एकाने एका डिटेक्टिव्ह एजन्सीला पैसे देऊन तिच्या घराचा पत्ता मिळवला. एजन्सीने तो वाहन नोंदणीच्या रेकॉर्डमधून काढला होता. त्याने तिच्या दारात तिचा खून केला. या आणि अशा घटनांनंतर १९९४ मध्ये वाहन नोंदणीतली माहिती गोपनीय ठेवणारा केंद्रीय कायदा झाला. त्यानंतरही, १९९९ मध्ये, न्यू हॅम्पशायर राज्यात एका तरुणीच्या नोकरीचं ठिकाण एका माहिती विकणाऱ्या कंपनीकडून विकत घेऊन तिचा खून झाला. त्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की कोणाची माहिती विकली जाते आहे त्या व्यक्तीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणं ही डिटेक्टिव्हची जबाबदारी आहे. जपानमध्ये तर २००७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार डिटेक्टिव्हला ग्राहकाकडून लिहून घ्यावं लागतं की मिळालेली माहिती बेकायदा कामासाठी वा भेदभावासाठी वापरणार नाही.

घरातल्या मारहाणीतून निघून गेलेली बायको, सक्तीच्या लग्नातून पळालेली मुलगी, साक्षीदार, कर्जवसुलीच्या धमक्यांनी दडलेला माणूस, हे सगळे कागदावर ‘बेपत्ता’च असतात. आणि त्यांना शोधायला येणारेही रडतच येतात. म्हणून जो डिटेक्टिव्ह तुमचं ओळखपत्र मागतो, नातं सिद्ध करायला सांगतो, पोलिसांत तक्रार का दिली नाही ते विचारतो, घरात भांडणं होती का, न्यायालयाचा एखादा मनाई आदेश आहे का हे विचारतो, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. काहीही न विचारता आगाऊ रक्कम घेणारा उद्या तुमचा पत्ताही तितक्याच सहज विकेल.

माणूस सापडला तर पत्ता मला मिळेल ना?

अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालक किंवा पोलीस यांना कळवलं जातं. प्रौढ माणसाच्या बाबतीत उत्तर आहे : तो ‘हो’ म्हणाला तर.

आपली इच्छा आपल्या माणसावर चालेल असं आपण गृहीत धरतो. पण सज्ञान माणसाला घर सोडून जाण्याचा, कोणाशीही संपर्क न ठेवण्याचा अधिकार आहे. अनेक देशांत पोलिसांनाही असा माणूस सापडला तर ते घरच्यांना इतकंच कळवतात : सुखरूप आहे, पण ठावठिकाणा सांगू नका म्हणतो. रेडक्रॉसही संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय पत्ता देत नाही. चांगला डिटेक्टिव्ह हेच पाळतो आणि काम घेतानाच तुम्हाला तसं सांगतो.

मग पैसे कशाचे? जिवंत आहे की नाही हे कळण्याचे, आणि तुमचा निरोप त्याच्या हातात पडण्याचे. हे थोडं नाही. अनेक कुटुंबांना त्या एका वाक्यानंतर पहिल्यांदा झोप लागते.

निरोपाचं पत्र आधीच लिहून डिटेक्टिव्हकडे देऊन ठेवा. पानभरसुद्धा नको. ‘तू सुखरूप आहेस एवढं कळलं तरी पुरे. परत यायला पाहिजेच असं नाही. बोलावंसं वाटलं तर हा नंबर चालू आहे.’ आईची तब्येत, लोक काय म्हणतात, झालेला खर्च, ‘तुझ्यामुळे’ हा शब्द, यातलं काहीही त्यात नको. जो कर्जाच्या, अपयशाच्या किंवा लाजेच्या ओझ्याखाली गेला आहे त्याला परतीची वाट बंद झाली असं वाटत असतं. पत्राने ती मोकळी आहे एवढंच दिसायला हवं. पत्रात एखादी गोष्ट अशी घाला जी फक्त तुम्हा दोघांना माहीत आहे, म्हणजे पत्र खरंच तुमचं आहे हे त्याला पटेल.

डिटेक्टिव्ह खरा आहे हे कसं ओळखायचं? परवाना बघायचा का?

जिथे परवाना असतो तिथे जरूर बघा, आणि तो त्याच्या कार्डावर न बघता परवाना देणाऱ्या खात्याकडे विचारून बघा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवाना लागतो. स्पेनमध्ये गृहमंत्रालयाचं व्यावसायिक ओळखपत्र लागतं. दक्षिण कोरियात ‘डिटेक्टिव्ह’ अशी पाटी लावायलाच २०२० पर्यंत बंदी होती. ब्रिटनमध्ये परवाना आणण्याची घोषणा २०१३ मध्ये झाली, पण ती अमलात आली नाही. भारतात खासगी डिटेक्टिव्ह एजन्सींच्या नियमनाचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे काही ठिकाणी कोणीही उद्या पाटी लावू शकतो. तिथे ‘सरकारमान्य’ असं कोणी छापलं असेल तर कोणत्या खात्याने, कोणत्या क्रमांकाने, हे विचारा.

परवाना नसलेल्या ठिकाणी बघायच्या गोष्टी साध्या आहेत : प्रत्यक्ष जाता येईल असं कार्यालय, कर नोंदणी, पक्की पावती, किती वर्षांपासून त्याच पत्त्यावर आहेत. वकिलांना विचारा. कौटुंबिक आणि दिवाणी दावे चालवणाऱ्या वकिलांना आपल्या भागात कोणाचं काम न्यायालयात टिकतं हे पक्कं ठाऊक असतं. संकेतस्थळावरच्या कौतुकांपेक्षा त्या एका फोनची किंमत जास्त.

पहिल्या भेटीत काय विचारू?

बेपत्ता माणसांची कामं त्याने केली आहेत का, हे आधी. डिटेक्टिव्हचा धंदा मुख्यतः लग्नाआधीची चौकशी, कंपन्यांची कामं, विम्याचे दावे आणि पाळत यांवर चालतो. पाळत ठेवण्यात तरबेज माणूस थंड पडलेला माग काढण्यात कच्चा असू शकतो.

मग विचारा की पहिल्या आठवड्यात नेमकं काय करणार. ‘आमचे सोर्सेस आहेत’ हे उत्तर नव्हे. ‘आधी रूममेटला भेटणार, मग जुन्या कंपनीच्या एचआरला, मग शेवटचा प्रवास केला त्या मार्गावर जाणार’ हे उत्तर आहे. काम तो स्वतः करणार की दुसऱ्या गावातल्या कोणाला देणार, तेही विचारा. दुसऱ्याला देण्यात गैर काही नाही, पण तुम्हाला ठाऊक हवं. तुमच्या तपास अधिकाऱ्याशी बोलायला त्याची तयारी आहे का? ‘पोलिसांना काही सांगू नका’ म्हणणाऱ्याच्या कार्यालयातून तिथल्या तिथे उठा.

शेवटी, ‘सापडेल ना?’ असं विचाराच. खरा माणूस शब्द देत नाही. तो शक्यता सांगतो आणि कशावरून तेही सांगतो.

सोबत काय न्यायचं?

तक्रारीची प्रत. अलीकडचे फोटो, त्यात एक न हसणारा, समोरून, आणि एक पूर्ण उंचीचा. अंगावरच्या खुणा, शस्त्रक्रियेचे व्रण, टॅटू, चष्म्याचा नंबर, दातांच्या डॉक्टरचं नाव. चालू असलेली औषधं, कारण विशिष्ट औषध घेणारा माणूस कुठेही गेला तरी कधीतरी औषधाच्या दुकानात जातो. सगळे फोन नंबर, जुनेही. सोशल मीडियावरची नावं, टोपणनावं, गेममधली नावं. कोणाकोणाचे पैसे देणं होतं.

आणि घरातलं झाकलेलं. दारू, जुगाराचं ॲप, प्रेमप्रकरण, आधीचा आत्महत्येचा प्रयत्न, शेवटच्या रात्रीचं भांडण. हे सांगायला जीव तुटतो, पण माग बहुतेक वेळा तिथूनच निघतो. सगळ्या नातेवाइकांसमोर सांगवत नसेल तर डिटेक्टिव्हला एकट्याने भेटा.

फी कशी ठरते?

तासावर, दिवसावर किंवा ठरावीक कामाच्या टप्प्यावर. आणि त्याशिवाय प्रवास, मुक्काम, नोंदींचं शुल्क असा प्रत्यक्ष खर्च. बहुतेक जण आगाऊ रक्कम घेतात आणि काम होईल तशी त्यातून वळती करतात. हे रीतसर आहे. तुम्ही कामाचे पैसे देत असता. माणूस सापडला नाही म्हणून झालेल्या कामाची फी परत मागता येत नाही, मात्र न झालेल्या कामाची मागता येते.

‘सापडला तरच पैसे’ हा सौदा ऐकायला गोड आहे, पण मला तो धोक्याचा वाटतो. अशा सौद्यात डिटेक्टिव्हला कसंही करून पत्ता काढण्याची घाई होते, आणि मग कायदा व समोरच्याची संमती दोन्ही मागे पडतात. त्यापेक्षा टप्पे पाडा : एवढ्या रकमेत एवढं काम, मग लेखी अहवाल, तो वाचून पुढचं ठरवायचं. वरची मर्यादा लेखी हवी, आणि ती ओलांडण्याआधी तुमची परवानगी.

करारात काय असायलाच हवं?

कामाची व्याप्ती, फीचा हिशेब, खर्चाची मर्यादा, अहवाल किती दिवसांनी, करार मध्येच थांबवला तर काय, गोपनीयता, आणि सगळं काम कायद्याच्या चौकटीत होईल अशी स्पष्ट ओळ. तुम्ही दिलेले मूळ फोटो व कागद परत मिळतील हेही लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचं बोलणं म्हणजे करार नव्हे.

फसवणूक कशी ओळखू?

शोधपत्रक बाहेर पडलं की फोन सुरू होतात. काही खरे मदत करणारे, काही नुसते चौकस, आणि काही तुमच्या दुःखावर जगणारे. ‘तुमचा मुलगा आमच्या हॉस्पिटलमध्ये आहे, आधी एवढे पाठवा.’ ‘मी त्याला पाहिलं, पण यायला भाडं नाही.’ ‘तो आमच्या ताब्यात आहे.’ यातला प्रत्येक फोन पोलिसांना कळवा, पण पैसे पाठवण्याआधी पुरावा मागा : आज काढलेला फोटो, किंवा फक्त घरच्यांना माहीत असलेल्या प्रश्नाचं उत्तर. त्यासाठी एक काळजी आधीच घ्या. पत्रकात सगळं छापू नका. एखादी खूण, अंगठी, व्रण, बोलण्याची लकब, मुद्दाम मागे ठेवा. फोन करणाऱ्याने ती आपणहून सांगितली तर बातमीत दम आहे.

पत्रकावर स्वतःचा रोजचा नंबर न देता वेगळा नंबर द्या, आणि शक्य असेल तर तो आईवडिलांऐवजी शांत डोक्याच्या एखाद्या नातेवाइकाच्या हातात ठेवा. मोठ्या बक्षिसाचा आकडा पोलिसांशी बोलल्याशिवाय जाहीर करू नका. त्याने खऱ्या बातम्यांबरोबर खोट्यांचाही पूर येतो आणि तपास त्यात बुडतो.

अंतर्ज्ञानाने ठिकाण सांगणाऱ्यांबद्दल : श्रद्धा तुमची. पण त्यांच्या सांगण्यावरून शोधपथकाची दिशा बदलू नका.

विनामूल्य मदत कोण करतं?

हे डिटेक्टिव्हला पैसे देण्याआधी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

युद्ध, दंगल, आपत्ती किंवा स्थलांतरात ताटातूट झाली असेल तर आपल्या देशाच्या रेडक्रॉस वा रेड क्रेसेंट संस्थेकडे जा. कुटुंबांचा संपर्क पुन्हा जोडून देण्याचं हे काम रेडक्रॉस १८७० पासून करते. पहिल्या महायुद्धात जिनिव्हामध्ये युद्धकैद्यांच्या माहितीची सुमारे ७० लाख कार्डं तयार केली गेली होती. जिथे डिटेक्टिव्ह पोचू शकत नाही अशा तुरुंगांत आणि छावण्यांत या संस्थेची माणसं जातात. साल्व्हेशन आर्मीही १८८५ पासून दुरावलेल्या नातेवाइकांचा शोध घेते. दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी छळाच्या बळींबद्दल जर्मनीतल्या बाड आरोल्सन इथल्या अभिलेखागारात सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांची माहिती आहे आणि नातेवाइकांना ती फुकट मिळते.

माणूस परदेशात बेपत्ता झालं असेल तर आपल्या पोलिसांमार्फत इंटरपोलची ‘यलो नोटीस’ काढता येते. ही नोटीस १९६ सदस्य देशांच्या पोलिसांपर्यंत जाते. ती कुटुंबाला किंवा डिटेक्टिव्हला थेट काढता येत नाही. ‘इंटरपोलमध्ये ओळख आहे, नोटीस काढून देतो’ म्हणणारा खोटं बोलतो. त्या देशातल्या आपल्या दूतावासालाही लेखी कळवा. परदेशात डिटेक्टिव्ह लागलाच तर तो तिथलाच हवा. तिथला कायदा आणि भाषा ज्याला येत नाही असा इथला माणूस विमानाने पाठवण्यात फक्त तिकिटाचे पैसे खर्च होतात.

दुसऱ्या पालकाने मूल परदेशी नेलं आहे. डिटेक्टिव्ह परत आणेल का?

ठावठिकाणा शोधेल, आणायचं न्यायालयामार्फतच. १९८० च्या हेग करारात सामील असलेल्या देशांमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाला मूळ देशात परत पाठवण्याची पद्धत आहे, आणि वर्षाच्या आत अर्ज केला तर बाजू भक्कम राहते. सगळे देश त्यात नाहीत. जपान २०१४ मध्ये सामील झाला, भारत नाही. म्हणून आधी वकील, मग डिटेक्टिव्ह.

‘मूल उचलून आणून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीच्या नादी लागू नका. एप्रिल २०१६ मध्ये बैरुतच्या रस्त्यावर असा एक प्रयत्न झाला. आई, एजन्सीची माणसं आणि चित्रण करायला गेलेलं ऑस्ट्रेलियन टीव्ही वाहिनीचं पथक तुरुंगात गेलं आणि मुलं वडिलांकडेच राहिली.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संपर्क तुटलेला नातेवाईक, किंवा दत्तक गेलेलं भावंड शोधायचं आहे.

हे काम डिटेक्टिव्हसाठी चांगलं काम आहे, कारण यात घाई नसते आणि कागद भरपूर असतात. शाळेचे दाखले, जुन्या मतदार याद्या, मिळकतीच्या नोंदी, मृत्यूची नोंद. मृत्यूची नोंद आधी बघावी. क्रूर वाटेल, पण तीन महिने शोधून मग ती सापडण्यापेक्षा बरं. डीएनए चाचणी करून देणाऱ्या वंशावळीच्या सेवाही आहेत. दुसऱ्या बाजूच्या कोणीतरी चाचणी केली असेल तरच जुळणी निघते, आणि काही वेळा कोणी न विचारलेली कौटुंबिक गुपितंही निघतात. दत्तक प्रकरणात त्या देशाचे गोपनीयतेचे नियम आधी समजून घ्या. डिटेक्टिव्हने सरळ दारात जाऊन उभं राहणं हे समोरच्या माणसाचं आयुष्य उलथवू शकतं.

घरी आम्ही काय जपून ठेवावं?

त्याचा फोन नंबर चालू ठेवा. बिल, रिचार्ज चुकवू नका. तुमचाही नंबर बदलू नका, कारण घाबरलेल्या माणसाला एकच नंबर पाठ असतो. त्याचा लॅपटॉप, टॅब उघडून चाळू नका, पासवर्डचे अंदाज लावत खातं लॉक करू नका. टूथब्रश, कंगवा, न धुतलेला कपडा कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओलावा धरतो. श्वानपथक किंवा डीएनए, दोन्हीसाठी ते लागू शकतं.

कर्जाचे हप्ते, विमा, बँक खातं यांचं काय, हा प्रश्न लवकरच दारात येतो. भारतासह अनेक देशांत सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर न्यायालयाकडून मृत्यू गृहीत धरून घेता येतो. जर्मनीत सर्वसाधारण मुदत दहा वर्षांची आहे. मधल्या काळात बेपत्ता माणसाच्या मालमत्तेची देखभाल करता यावी म्हणून इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१७ मध्ये वेगळा कायदा झाला. तुमच्याकडे काय सोय आहे ते वकिलाला विचारा. डिटेक्टिव्हचे तारीखवार लेखी अहवाल इथे फार उपयोगी पडतात, कारण ‘आम्ही मनापासून शोधलं’ हे न्यायालयाला कागदावर दाखवावं लागतं.

किती दिवस लागतील?

नाव बदललेलं नसेल आणि माणूस नोकरी करत असेल तर काही दिवसांत माग लागू शकतो. जाणीवपूर्वक लपलेल्या, रोखीने जगणाऱ्या माणसाला वर्षं लागू शकतात. नक्की तारीख देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एजन्सी ‘आणखी एक महिना’ म्हणत राहते. थांबायचं कधी?

मागच्या दोन अहवालांत नवं काय आहे ते बघा. नवं नाव, नवं ठिकाण, खोडून काढलेली एखादी शक्यता, यातलं काही असेल तर काम पुढे सरकतं आहे. जुनीच माहिती नव्या शब्दांत आली असेल तर पैसे थांबवा. फक्त आशेवर पुढचा हप्ता मागितला जात असेल, तरीही थांबवा. घर गहाण टाकायची वेळ आली असेल तर त्याआधी थांबवा. परत येणाऱ्याला यायला घर असू द्या.

मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही, अशा अवस्थेत दुःखाला शेवटच मिळत नाही आणि घरातली माणसं एकमेकांपासून तुटतात, असं त्यांनी दाखवलं. एक जण म्हणतो शोधत राहू, दुसरा म्हणतो पुरे. दोघांचंही प्रेम तेवढंच असतं. म्हणून थांबायचा निर्णय एकट्याने घेऊ नका, आणि समुपदेशकाची मदत घ्यायला माणूस सापडायची वाट बघू नका.

पैसे देऊन चालवलेला शोध थांबवताना एजन्सीकडून सगळे अहवाल, भेटलेल्या माणसांची यादी, तपासून झालेली ठिकाणं आणि मूळ कागद ताब्यात घ्या व त्यांची एक प्रत तपास अधिकाऱ्याकडे द्या. आईवडील, मुलं किंवा सख्खी भावंडं यांचे डीएनए नमुने पोलिसांमार्फत नोंदवा. इंटरपोलने २०२१ मध्ये नातेवाइकांच्या डीएनएवरून देशोदेशीच्या अनोळखी मृतदेहांशी जुळणी करणारी यंत्रणा सुरू केली आहे, आणि अशी जुळणी अनेक वर्षांनीही होऊ शकते. पोलिसांकडची तक्रार मागे घेऊ नका. तपास अधिकारी बदलले की नव्या अधिकाऱ्याला भेटून फाइल दाखवा, आणि फोटोवरचं वय वाढत जाईल तसा फोटोही अद्ययावत करून द्या.